कृतिका आधी पाय बघते

माझी नणंद कृतिका बर्गे माणसाच्या तोंडाकडे बघून बोलत नाही, अशी तक्रार आमच्या देवासच्या अर्ध्या नातेवाइकांनी केली आहे. मी लग्न होऊन ह्या घरात आले तेव्हा ती शाळेत होती. नवी सून म्हणून सगळे माझं नाक आणि दागिने बघत होते, आणि ही पोरगी खाली बघत होती. दुसऱ्या दिवशी मला म्हणाली, "वहिनी, तुमच्या टाचांना भेगा पडल्यात. व्हॅसलिन आणून देऊ?" मला भयंकर राग आला होता. व्हॅसलिन मात्र मी घेतलं.

पुढे ती मुलांची डॉक्टर झाली आणि नोकरीला धारला गेली. देवासहून धारला जायचं म्हणजे इंदूरला बस बदलायची, वर धुळीचा रस्ता. माई, म्हणजे माझ्या सासूबाई, येणाऱ्याजाणाऱ्याला विचारत, "हातातलं इंदूर सोडून ही तिकडे काय करायला गेली?" कृतिका त्यावर नुसती हसायची. तिचं रुग्णालय एका ट्रस्टचं होतं. नाव सांगत नाही, त्यांचा ह्यात दोष नाही. तिथल्या इमर्जन्सीत आलेली आजारी मुलं आधी तिच्या टेबलापाशी यायची. तिचं काम एकच. ह्या मुलाला भरती करून घ्यायचं, की औषध देऊन घरी पाठवायचं, ते ठरवायचं.

मी शाळेत शिकवते, त्यामुळे मला सगळ्याच गोष्टींवर मत असतं. मी एकदा तिला म्हटलं, "त्यात ठरवायचं काय? ताप जास्त असला की ठेवून घ्यायचं, कमी असला की पाठवायचं."

ती हसत सुटली. "वहिनी, तुम्ही माझ्या खुर्चीवर एक दिवस बसा. शाम तक लोक तुम्हाला शोधत येतील." मग तिनं समजावलं. जे मूल भोकाड पसरतं, आईला लाथा मारतं, डॉक्टरला बघून पळ काढतं, त्याचा ताप कितीही असो, ते बहुतेक वेळा घरी जाऊ शकतं. काळजी गप्प मुलाची करायची. शरीराला रक्त कमी पडायला लागलं की ते आधी हातापायांचं तोडतं, कारण त्याला आतलं सांभाळायचं असतं. तोंडावर काही दिसायच्या आधी पाय गार पडतात. म्हणून ती मुलाचा पाय आपल्या तळहातावर घ्यायची आणि तो तसाच धरून आईशी बोलायची. अंगठा दाबून सोडला की गुलाबी रंग किती चटकन परत येतो, तेही बघायची.

धारजवळच्या तिरल्याकडच्या खेड्यांतल्या बायका तिला 'पाँव पकड़ने वाली डाक्टरनी' म्हणायच्या. त्यांना त्यात काही वावगं वाटत नसे. इथले माळवी लोक लेकीला वाकू देतच नाहीत, तेच लेकीच्या पाया पडतात. आपल्या जुन्या मराठी घरांत अगदी उलटं. आमच्याकडे लेक वाकते आणि मोठी माणसं आशीर्वाद देतात. मोठ्याचा हात लहानाच्या पायाला लागला तर लहानाला दोष लागतो, असं माई अजूनही म्हणतात. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं सगळं ह्यापायी झालं.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. नवरात्र नुकतं संपलं होतं आणि धारमध्ये घरोघरी डेंग्यू होता. इमर्जन्सीत पाय ठेवायला जागा नव्हती. त्या गर्दीत दुपारी एक म्हातारी नातीला घेऊन आली. तिचं लुगडं नीट चापूनचोपून नेसलेलं होतं. नात सात वर्षांची असेल. फ्रॉक इस्त्रीचा होता, वेणी घट्ट घातलेली, पायांत शाळेचे पांढरे मोजे. नाव ईशानी. म्हातारी आधी हिंदीत बोलत होती. मग कृतिकाच्या कोटावरचं आडनाव वाचून थबकली.

"बर्गे? देवासचे बर्गे? थोरल्या पातीचे की धाकट्या पातीचे?"

देवासला दोन गाद्या होत्या हे आता देवासच्या पोरांनाही माहीत नसतं. पण आमची जुनी माणसं अजून ह्याच प्रश्नानं सुरुवात करतात. अख्ख्या दिवसात कृतिकाच्या कानावर मराठी पडत नसे. ती खुलली. म्हणाली, "थोरल्या पातीचे, आजी. तुम्ही?"

म्हातारीचं नाव जानकीबाई जगदाळे, राहणार अमझेरा. आणि मग ते सुरू झालं. दोन मराठी माणसं माळव्यात भेटली की जे सुरू होतं ते. तुमचे आजोबा कोण, त्यांना भाऊ किती, चुलत्यांची सोयरीक कुठली. बघता बघता निघालं की जानकीबाईंची नणंद देवासला बर्ग्यांकडेच दिलेली, कृतिकाच्या चुलत काकांना. म्हणजे जिथे लेक दिली त्या घरची ही मुलगी. मानाची.

"अगं बाई, तुम्ही तर आमच्याच निघालात!" जानकीबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. "ईशानी, ऊठ बेटा. आत्यासाहेब लागतात तुझ्या. नमस्कार कर."

पोरगी उठली. खाली वाकली, कृतिकाच्या पायांना हात लावला, सरळ झाली आणि हसली. कृतिकानं विचारलं, "बरं वाटतंय का बाळा?" ती म्हणाली, "हो, बरं वाटतंय."

कृतिकानं सवयीनं तिचा पाय धरायला हात पुढे केला. जानकीबाईंनी तो वरच्या वर धरला. "अहो, हे काय! पायांना काय हात लावता पोरीच्या? तुम्ही मानाच्या. तिला दोष लागेल."

कृतिका हसली. तिनं हात मागे घेतला. आजीचा अपमान नको, एवढंच तिच्या मनात होतं असं तिनं मला नंतर सांगितलं. तिनं डोळे बघितले, जीभ बघितली, पोट दाबलं. ताप आदल्या दिवशीच उतरला होता. सकाळची रक्ततपासणी ठीक होती. मनगटाची नाडी भरभर चालली होती, पण वाकून उठलेलं मूल आहे, गर्दीला घाबरलंय, असं तिनं मनाशी म्हटलं. डेंग्यूचा ताप उतरल्यावरच काही मुलांची तब्येत ढासळते, हे तिला माझ्या शाळेतल्या पाढ्यांसारखं पाठ होतं. पण समोरची मुलगी उठून, वाकून, हसून दाखवत होती, आणि मागे रांगेत मुलं ओरडत होती.

"घरी न्या," ती म्हणाली. "पाणी पाजत राहा. उलटी झाली किंवा गळून गेली, तर लगेच आणा. थांबू नका."

अमझेऱ्याच्या वाटेवर ईशानीला उलटी झाली. जानकीबाईंना वाटलं, बस लागली असेल. घरी पोचल्यावर पोरगी निजली आणि तिला हलवलं तर ती धड उठेना. संध्याकाळी बापानं तिला परत धारला आणलं तेव्हा नाडी हाताला लागत नव्हती. कृतिका अजून तिथेच होती. तिनं सलाइन लावलं, जे जे करता येतं ते केलं, आणि गाडीत स्वतः बसून इंदूरला निघाली. इंदूर यायच्या आत ईशानी गेली.

मला हे लिहिताना अजून राग येतो. कुणावर ते मला सांगता येत नाही. त्या म्हातारीवर येत नाही, ती माझ्या माईसारखीच होती. कृतिकावर आला होता, काही दिवस, आणि त्याची मला लाज वाटली. मग डासांवर येतो, नात्यागोत्यांवर येतो, त्या इस्त्रीच्या फ्रॉकवर येतो. एवढ्या आजारी पोरीला आम्ही हसायला आणि वाकायला शिकवून ठेवलं होतं.

त्यानंतर कृतिका कुणालाही घरी पाठवेना. सर्दी झाली, भरती. जुलाब झाले, भरती. दात येतायत म्हणून किरकिरणारं पोर, तेही भरती. आया बिचाऱ्या खूश असायच्या. खाटा भरल्या, एकेका खाटेवर दोन दोन मुलं आली, मग जमिनीवर गाद्या. आणि एक दिवस तिरल्याकडून भगवंत नावाचा एक मजूर आपल्या गुड्डीला खांद्यावर टाकून धावत आला. न्यूमोनिया होता, ओठ निळे पडलेले. ऑक्सिजनच्या खाटा सगळ्या अडलेल्या. त्यातल्या एकीवर एक मुलगा बसून कुरकुरे खात होता. मुलाला हलवून, नळी सोडवून, खाट मोकळी करेपर्यंत जो वेळ गेला, तेवढ्यात गुड्डी जवळजवळ गेलीच होती. वाचली. पण तिच्या बापानं कृतिकासमोर हात जोडले आणि म्हणाला, "बेनजी, म्हारी छोरी वास्ते जगा नी थी कंई?"

तेव्हा मोठ्या डॉक्टरांनी तिला आत बोलावलं. रागावले नाहीत. म्हणाले, "कृतिका, सगळ्यांना ठेवून घेणं म्हणजे ठरवणं नाही. तू ठरवणं सोडून दिलंयस." तिनं ऐकून घेतलं, बाहेर आली आणि माईंना फोन लावला. मला घरी न्या, एवढंच बोलली. त्या महिन्याअखेर नोकरी सोडायची, देवासला येऊन लसी टोचायचं लहानसं क्लिनिक काढायचं, असं ठरलं. लसी टोचताना कुणाला घरी पाठवायचं हा प्रश्नच येत नाही.

माईंनी मला पाठवलं. "सामान बांध आणि घेऊन ये तिला. एकटी सोडू नकोस." म्हणून मी शाळेत रजा टाकून धारला गेले.

तिची खोली बघून मला रडू आलं. ओट्यावर चहाच्या कपांची रांग, गॅस पुसलेला नाही, आणि देव्हारा माईंनी दिला होता तसा कागदात गुंडाळलेलाच. पोरगी वाळून काटकी झाली होती. मी ओरडले, मग पिठलं-भात केला, मग परत ओरडले. ती जेवली. म्हणाली, "वहिनी, मला रात्री तिचे मोजे दिसतात. चेहरा नाही दिसत. फक्त मोजे." मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. मग उठून ओट्यावरचे कप घासायला घेतले.

तिच्या शेवटच्या आठवड्यात मी रोज दुपारी डबा घेऊन इमर्जन्सीत जायचे. ती जेवते की नाही ते समोर बसून बघायचे. अशाच एका दुपारी, मी डबा उघडत होते आणि दारात जानकीबाई उभ्या राहिल्या.

मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. पण कृतिकाचा चेहरा उतरला त्यावरून मी ओळखलं. त्यांच्या कडेवर तीनेक वर्षांचा मुलगा होता, ईशानीचा धाकटा भाऊ रणवीर. तो तापानं लाल झाला होता आणि नरड्याच्या शिरा ताणून रडत होता. त्याच्या अंगात जाड स्वेटर होता आणि पाय उघडे होते.

रांगेतल्या बायकांनी वाट दिली. जानकीबाई टेबलापाशी आल्या. "डॉक्टरबाई," त्या म्हणाल्या. आत्यासाहेब नाही, ताई नाही, पहिल्या दिवशी हिंदीत बोलायला सुरुवात केली होती तेवढंच अंतर ठेवून. "कालपासून ताप आहे. बघा."

कृतिका उठून उभी राहिली. "आजी, मी दुसऱ्या डॉक्टरांना बोलावते. मोठे डॉक्टर आत आहेत, वो देख लेंगे..."

"नको. मी तुमच्याकडेच आणलंय. ह्याची आई ह्या फाटकाच्या आत यायला तयार नाही. बाहेर रिक्षात बसली आहे. ती म्हणाली इंदूरला नेऊ. मीच म्हटलं, आधी इथे." त्यांनी रणवीरला टेबलावर बसवलं. गर्दी, पांढरा कोट आणि आजीचा चेहरा बघून त्या एवढ्याशा पोरानं रडता रडता दोन्ही हात जोडले. घरात शिकवलेलं असतं.

जानकीबाईंनी त्याचे हात धरून सोडवले. "राहू दे. नमस्कार नको. रड तू."

मग त्यांनी त्याचा उघडा पाय धरला आणि कृतिकाच्या हातात दिला. "घ्या. मुद्दाम अनवाणी आणलाय."

मी डब्याचं झाकण हातात धरून तशीच उभी होते. रांगेत कुणीतरी कुजबुजलं, मी त्या बाईकडे असं बघितलं की ती गप्प झाली. कृतिका त्या पायाकडे बघत होती. मग तिनं बोटं मिटली, पाय नीट धरला, अंगठा दाबला आणि सोडला. रणवीरनं दुसऱ्या पायानं तिच्या पोटात लाथ मारली. ती हलली नाही. तिनं दुसराही पाय धरला. छाती ऐकली, घसा बघितला, पोट बघितलं, वाटीनं पाणी पाजलं आणि ते पोटात राहतं का म्हणून वाट बघत बसली. कितीतरी वेळ. मागे मुलं रडत होती, पण ह्या वेळी ती मागे वळली नाही. ती जानकीबाईंशी एक अक्षर बोलली नाही.

भरती करून टाक, असं मी मनात म्हणत होते. एक खाट रिकामी होती, मला दिसत होती. ह्या एका मुलाला ठेवून घे, मग हवं तर देवासला चल. कोण तुला नावं ठेवणार आहे?

कृतिकानं मान वर केली. आणि माझ्या आठवणीत पहिल्यांदाच ती कुणाच्या तरी तोंडाकडे सरळ बघून बोलली.

"आजी, पाय गरम आहेत. घसा सुजलाय, त्याचा ताप आहे. त्याला घरी न्या."

जानकीबाई म्हणाल्या, "तेव्हाही तुम्ही हेच म्हणालात."

"हो," कृतिका म्हणाली. "तेव्हा मी तुमच्याशी बोलत होते. तिला बघितलंच नाही. ह्याला बघितलंय."

"तिचे पाय धरले असते तर कळलं असतं?"

"हो."

"वाचली असती?"

कृतिकाला खोटं बोलता आलं असतं. मी तिच्या जागी असते तर बोलले असते. "बहुतेक वाचली असती," ती म्हणाली आणि तिचे डोळे वाहायला लागले.

जानकीबाईंनी मान हलवली. त्यांना हे माहीत होतं. इतके दिवस त्या एवढंच कुणाच्या तरी तोंडून ऐकायला थांबल्या होत्या. "मोजे मी घातले होते," त्या म्हणाल्या. "सकाळी म्हणाली, आजी, पाय गार लागतात. म्हणून मी मोजे घातले. आणि तुमचा हात पण मीच धरला." त्यांचा आवाज इतका हळू होता की रांगेतल्या बायकांना ऐकू गेला नसेल. "घरात हे कुणाला सांगितलं नाही मी. सुनेला वाटतं सगळं तुम्हीच केलंत. मी तिला तसं वाटू दिलं."

कृतिका टेबलाच्या अलीकडे आली. तिनं त्या म्हातारीचे दोन्ही हात धरले. "तुम्ही धरलात म्हणून मी थांबायला नको होतं. ते माझं काम होतं, आजी. तुमचं नव्हतं." दोघी रडत होत्या, आणि टेबलावर बसलेला रणवीर दोघींकडे बघून रडायचा थांबला होता.

मी डबा तसाच ठेवला आणि त्याला कडेवर घेतलं. जड होतं पोर, तापानं गरमगरम. आम्ही तिघी त्याला घेऊन फाटकापर्यंत गेलो. रिक्षात त्याची आई बसली होती, तोंड दुसरीकडे करून. जानकीबाई तिच्याशेजारी बसल्या आणि मुलाला तिच्या मांडीवर दिलं. मग त्यांनी सुनेचा हात ओढून त्याच्या उघड्या पायावर ठेवला.

"धर," त्या म्हणाल्या. "घरी जाईपर्यंत सोडू नकोस. गार वाटला तर मला सांग, लगेच इथेच परत येऊ." रिक्षा सुरू झाली तशी म्हणाल्या, "आणि घरी गेल्यावर मला तुझ्याशी बोलायचंय."

रिक्षा बस स्टँडकडे वळली. कृतिका फाटकाशी उभी राहून बघत राहिली. मग तिनं कोटाच्या बाहीनं तोंड पुसलं आणि आत जाऊन पुढच्या मुलाचा पाय हातात घेतला. दोन दिवसांनी अमझेऱ्याहून फोन आला. रणवीरचा ताप उतरला होता आणि तो खेळत होता. ईशानीचं नाव कुणीच घेतलं नाही.

मी बांधलेलं सामान मीच सोडलं, देव्हारा कागदातून काढून भिंतीला लावला, आणि एकटी देवासला परत आले. माईंनी दारातच विचारलं, "कुठे आहे ती?"

"कामावर आहे," मी म्हटलं.